वाक्प्रचार शिकवताना आधी प्रसंग, मग अर्थ

पत्र : सप्रेम नमस्कार. आम्ही सांगलीला राहतो. माझी मुलगी तिसरीत आहे आणि मुलगा पाच वर्षांचा आहे. मुलीला शाळेतून वाक्प्रचारांची यादी मिळते. अर्थ ती धडाधड सांगते, पण वाक्यात उपयोग करायला सांगितला की गोंधळते. ‘नाकी नऊ येणे म्हणजे खूप त्रास होणे’ हे तोंडपाठ असूनही तिने परवा वहीत लिहिले, ‘मी पडले आणि गुडघा दुखून माझ्या नाकी नऊ आले.’ धाकट्याची अडचण निराळी आहे. सासूबाईंच्या बोलण्यात वाक्प्रचार सतत येतात. एकदा त्या ‘पोटात कावळे ओरडायला लागले’ असे म्हणाल्या आणि तो इतका घाबरला की रात्री झोपेना. मी वाक्प्रचारांची गमतीदार चित्रे काढून खेळ करून पाहिला. दोघेही खूप हसली, पण अर्थ लक्षात राहिला नाही. मुलांच्या बाबांचे म्हणणे असे की, पाठांतरच बरे. मला मात्र हे खेळातून शिकवायचे आहे. कोणत्या वयात कोणते वाक्प्रचार घ्यावेत, खेळ कसे असावेत, आणि धाकटा घाबरतो म्हणून सासूबाईंनी असे बोलणे थांबवावे का?
– एक आई, सांगली

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत आधी देते, कारण बाकीचे बरेचसे त्यावर अवलंबून आहे. सासूबाईंनी असे बोलणे मुळीच थांबवू नये. यादीतल्या वाक्प्रचारापुढे एक आडवी रेघ असते आणि रेघेच्या पलीकडे दोन-तीन शब्दांत त्याचा अर्थ दिलेला असतो. आजीच्या तोंडून आलेल्या वाक्प्रचाराभोवती मात्र उशिरा झालेले जेवण असते, अजून शिट्टी न झालेला कुकर असतो, तिचा स्वर आणि तिचा चेहरा असतो. मूल अर्थ ओळखते ते या सगळ्यावरून. सासूबाईंना एवढेच सांगा की, धाकट्याशी बोलताना वाक्प्रचाराच्या शेजारी एक साधे वाक्यही ठेवावे. ‘किती दंगा चाललाय तुमचा! घर डोक्यावर घेतलंय नुसतं.’ ‘फार भूक लागली बाई, पोटात कावळे ओरडायला लागले.’ आपण मोठी माणसे बोलण्याच्या ओघात पुष्कळदा असे दुहेरी बोलतोच, त्यामुळे त्यात कोणालाही शिकवणीचा वास येत नाही, आणि पाच वर्षांच्या मुलाला न विचारताच अर्थ मिळून जातो.

कावळ्यांची भीती घालवण्यासाठी तर स्पष्टीकरणापेक्षा खेळच उपयोगी पडेल. जेवणाच्या आधी, खरोखर भूक लागलेली असताना, त्याला ताईच्या पोटाला कान लावायला सांगा. रिकामे जठर आणि आतडी आकुंचन पावतात, त्यांतील हवा आणि पाणी पुढे ढकलले जाते आणि गुडगुड ऐकू येते. तो आवाज त्याने स्वतः ऐकला, मग खिडकीबाहेरचा एखादा कावळा ऐकला, आणि दोघांपैकी अधिक हट्टाने खायला कोण मागते ते त्याने ठरवले, की पोटात कावळा नसून भूक आहे हे त्याला कळेल. जेवण झाल्यावर पुन्हा कान लावून ‘आता कावळे गप्प बसले का?’ असे विचारायला विसरू नका. भीती ज्या चित्राने निर्माण केली, तेच चित्र त्याच्या हाती खेळणे म्हणून दिले तर तो ते आपण होऊन वापरू लागेल.

आता मुलीच्या वाक्याकडे वळू. ते वाक्य नीट वाचले तर तिची चूक फार बोलकी आहे. व्याकरण बरोबर आहे. ‘खूप त्रास होणे’ हा यादीतला अर्थ त्या वाक्यात घातला तर तोही चपखल बसतो, कारण गुडघा फुटला की खूप त्रास होतोच. तरीही ते वाक्य कानाला खटकते. याचे कारण असे की, नाकी नऊ येतात ते दुखल्यामुळे नव्हे. ते येतात एखादे काम किंवा एखादा माणूस काही केल्या आवरत नाही, धडपड करून करून दमायला होते, तेव्हा. लग्नघरी पाहुण्यांची व्यवस्था करताना, दोन वर्षांच्या मुलाला आंघोळ घालताना, गच्च भरलेल्या एसटीत सामानासकट चढताना नाकी नऊ येतात. यादीने तिला अर्थ दिला, पण तो कोणत्या प्रसंगाचा आहे हे सांगितले नाही. वाक्प्रचाराचा अर्थ म्हणजे एका शब्दाच्या जागी ठेवायचा दुसरा शब्द नव्हे. तो एका विशिष्ट प्रसंगाची ओळख असतो. म्हणून माझे सांगणे एकच आहे : मुलाला आधी प्रसंगात न्या, त्या प्रसंगात वाक्प्रचार त्याच्या कानावर पडू द्या, आणि अर्थ सर्वांत शेवटी, तोही शक्यतो त्याच्याच तोंडून येऊ द्या. खेळ हवा तो यासाठी, कारण प्रसंग हवा तेव्हा उभा करण्याचे दुसरे साधन घरात नसते.

याला अभ्यासाचाही आधार आहे. इटलीतील क्रिस्तिना काच्चारी आणि मारिया कियारा लेवोरातो यांनी सात आणि नऊ वर्षांच्या आसपासच्या मुलांचा अभ्यास करून 1989 साली तो प्रसिद्ध केला. वाक्प्रचार सुटा दिला असता मुले शब्दशः अर्थाकडे झुकत होती, पण तोच वाक्प्रचार पुरेशी माहिती देणाऱ्या छोट्या गोष्टीत आला तर सात वर्षांच्या मुलांनाही त्याचा लाक्षणिक अर्थ पकडता येत होता. वाक्प्रचार समजणे आणि तो स्वतःहून वापरणे यांत बरेच अंतर असते, हेही त्यांना दिसले. तुमची मुलगी आज त्याच अंतरात उभी आहे, आणि तिच्या वयाला ते साजेसेच आहे.

एक गोष्ट यादीमुळे हमखास बिघडते, तिच्याकडे आधी लक्ष द्या. यादीत प्रत्येक वाक्प्रचार ‘-णे’ या रूपात असतो : नाकी नऊ येणे, आकाश ठेंगणे होणे, तोंडचे पाणी पळणे. बोलताना या रूपात त्यांना कोणी वापरत नाही. आपण ‘आईच्या नाकी नऊ आले’ म्हणतो, ‘आईला नाकी नऊ आले’ म्हणत नाही. ‘तिला आकाश ठेंगणे झाले’ म्हणतो, पण ‘त्याच्या तोंडचे पाणी पळाले’ म्हणतो. कोणाच्या, कोणाला, कोणी, हे प्रत्येक वाक्प्रचाराचे ठरलेले असते आणि ते नियमाने नव्हे, कानाने शिकले जाते. म्हणून घरी वाक्प्रचार नेहमी पूर्ण वाक्यातच द्या आणि मग माणसे बदलण्याचा खेळ खेळा. तुम्ही म्हणायचे, ‘मांजराला पकडताना दादाच्या नाकी नऊ आले.’ पुढच्याने माणूस आणि काम दोन्ही बदलायचे : ‘गादीचा अभ्रा घालताना बाबांच्या नाकी नऊ आले’, ‘विहिरीतली बादली काढताना आजोबांच्या नाकी नऊ आले.’ चार-पाच फेऱ्यांत विभक्ती जिभेवर बसते आणि प्रसंग योग्य आहे की नाही यावर आपोआप चर्चा होते. ‘आइस्क्रीम खाताना माझ्या नाकी नऊ आले’ असे कोणी म्हटले की बाकीची मुले लगेच हरकत घेतील. हरकत का घेतली हे त्यांना सांगावे लागेल, आणि ते सांगणे म्हणजेच अर्थ सांगणे असेल.

कोणते वाक्प्रचार कोणत्या वयात घ्यावेत, हे वयापेक्षा वाक्प्रचाराच्या जातीवरून ठरवणे मला अधिक योग्य वाटते. काही वाक्प्रचारांत सांगितलेली कृती माणूस खरोखर करतो : नाक मुरडणे, कान टवकारणे, डोळे वटारणे, मान खाली घालणे, पाठ थोपटणे, हात चोळत बसणे, तोंड फुगवणे. इथे शरीराकडे पाहिले की अर्थ दिसतो. हे चार-पाच वर्षांच्या मुलालाही जमतात आणि तुमच्या धाकट्याची सुरुवात इथूनच व्हावी. दुसऱ्या गटात कृती खरी नसते, पण चित्रावरून अर्थापर्यंत जाता येते : राईचा पर्वत करणे, आगीत तेल ओतणे, दुधात साखर पडणे, पालथ्या घड्यावर पाणी. हे सहा-सात वर्षांपासून घ्यावेत. तिसऱ्या गटात चित्रावरून अर्थ उकलतच नाही. नाकी नऊ येणे, पाचावर धारण बसणे, हातावर तुरी देणे, वाटाण्याच्या अक्षता लावणे हे त्यातले. त्यांना प्रसंगाखेरीज दुसरा मार्ग नाही, आणि आठ-नऊ वर्षांच्या आधी त्यांची घाई करू नये. ज्या वाक्प्रचारांचे घटक शब्द अर्थाला हातभार लावतात ते मुलांना लवकर कळतात, असे अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रेमंड गिब्ज यांनाही 1991 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले होते. शाळेच्या यादीत मात्र हे तिन्ही गट सरमिसळ असतात. म्हणून यादी घरी आली की ती आधी अशी वेगवेगळी करून घ्या; अर्धी अडचण तिथेच सुटते.

पहिल्या गटासाठी मूकनाट्य हा सर्वांत सोपा खेळ आहे, पण तो नुसत्या हावभावावर थांबवू नका. ‘नाक मुरड’ असे सांगितले की मूल नाक वाकडे करते आणि खेळ संपतो. त्यातून त्याला काहीच नवे मिळत नाही. त्याऐवजी प्रसंग द्या. ताई दुकानदार झाली आहे, धाकटा गिऱ्हाईक आहे, त्याला कोणतीच टोपी पसंत पडत नाही, आणि एक शब्दही न बोलता त्याने ते दाखवायचे आहे. त्याने नाक मुरडले की तुम्ही म्हणा, ‘अहो, या साहेबांनी सगळ्या टोप्यांना नाक मुरडलं!’ कान टवकारण्यासाठी सगळ्यांनी डोळे मिटून बसावे आणि कोणीतरी स्वयंपाकघरात हळूच डबा उघडावा. ज्याने तो आवाज ओळखला त्याने कान टवकारले होते. या रीतीने मूल वाक्प्रचार ऐकते तेव्हा ते काम त्याच्याकडून होऊन गेलेले असते.

तुम्ही काढलेली चित्रे वाया गेलेली नाहीत, ती अर्धीच राहिली आहेत. डोक्यावर घर घेतलेला मुलगा, आगीत तेल ओतणारी बाई अशी चित्रे पाहून मुले हसतात, आणि हसल्यावर तेच चित्र मनात पक्के होते. म्हणजे आपल्याला जो शब्दशः अर्थ सोडवायचा असतो तोच अधिक घट्ट बसतो. यावर उपाय सोपा आहे. कागदाची मधोमध घडी घाला. डाव्या बाजूला शब्दांत दिसते ते चित्र येऊ द्या आणि उजव्या बाजूला आपल्या घरात किंवा शाळेत ते खरोखर कधी घडले त्याचे चित्र येऊ द्या. डावीकडे डोक्यावर घर, उजवीकडे मावसभाऊ आले होते त्या दिवशीचा दिवाणखाना : उश्या जमिनीवर, टीव्ही मोठ्याने लावलेला, आजी कानांवर हात ठेवून उभी. उजवे चित्र मुलांनीच काढायचे असा नियम ठेवा. ते जमत नसेल तर तो वाक्प्रचार अजून त्यांच्या अनुभवात आलेला नाही असे समजा आणि काही महिन्यांसाठी खुशाल बाजूला ठेवा.

दुसऱ्या गटातले पुष्कळ वाक्प्रचार प्रत्यक्ष वस्तू दाखवून फार सुरेख कळतात. अंगणात किंवा न्हाणीघरात तांब्या पालथा ठेवून त्यावर पाणी ओतायला सांगा. कितीही ओतले तरी आत थेंब जात नाही हे मुलाने दोन-तीनदा पाहावे, आणि मग घरात रोज सांगूनही कोणती गोष्ट होत नाही ते सगळ्यांनी मिळून आठवावे. यात बाबांचा ओला टॉवेलही यायला हरकत नाही. मोहरीचा एक दाणा तळहातावर ठेवून ‘याचा पर्वत करायचा’ म्हटले की मुले गोष्ट फुगवायला लागतात : एक मुंगी चावली, नाही दहा चावल्या, नाही, मुंग्यांची फौज आली.

हरभऱ्याचे उदाहरण मला सर्वांत प्रिय आहे. ‘हरभऱ्याच्या झाडावर चढवणे’ हा वाक्प्रचार शहरातली मुले खरे झाड डोळ्यांसमोर आणून ऐकतात, त्यामुळे त्यातली खुबी त्यांना दिसतच नाही. हरभरा हे रब्बीचे पीक असल्याने थंडीत तुमच्याकडे बाजारात त्याच्या डहाळ्याच्या जुड्या येतात. एक जुडी आणा, घाटे सोलून खा आणि एक रोप मुलांपुढे उभे धरा. ते जेमतेम गुडघ्यापर्यंत येते. ‘यावर चढता येईल का?’ या प्रश्नाचे उत्तर मुले देतील, तेव्हा खोट्या स्तुतीने फुगलेला माणूस कशावर उभा आहे हे त्यांना कळलेले असेल. मग स्तुतीचा खेळ खेळा. एकाने दुसऱ्याची आधी खरी आणि मग हळूहळू अतिशयोक्त स्तुती करायची : ‘तू छान गातेस’, ‘वर्गात तुझ्याइतकं छान कोणी गात नाही’, ‘कोकिळा तुझ्याकडे शिकवणीला येते.’ खरेपणा संपून अतिशयोक्ती सुरू झाली असे ज्या क्षणी वाटेल, त्या क्षणी ऐकणाऱ्याने म्हणायचे, ‘मला हरभऱ्याच्या झाडावर चढवू नका!’ तो क्षण ओळखणे हाच या वाक्प्रचाराचा अर्थ आहे, आणि या खेळात मुले तो फार लवकर ओळखू लागतात.

भातुकली घरात असेल तर तिचाही उपयोग करा, कारण आपल्या भाषेतील कितीतरी वाक्प्रचार स्वयंपाकघरातून आले आहेत. दोन बाहुल्यांचे खेळण्यावरून भांडण लावा आणि तिसऱ्या बाहुलीला मध्ये पाठवा. ती ‘अगं, ती कालसुद्धा तुझ्याबद्दल वाईट बोलत होती’ असे म्हणाली की तिने आगीत तेल ओतले. पाहुणी बाहुली आली आणि तिने येताना सगळ्यांच्या आवडीचे पेढे आणले की दुधात साखर पडली. सहल ठरली आणि निघता निघता कोणीतरी रुसून बसले की दुधात मिठाचा खडा पडला. फुलदाणी कोणी फोडली हे माहीत असूनही जी काहीच बोलत नाही, ती मूग गिळून बसली आहे. बाहुल्यांचे तोंड तुमच्या मुलीकडे द्या आणि काय झाले ते सांगण्याचे काम धाकट्याकडे. पाच वर्षांच्या मुलाला भांडणाचे वर्णन करायला फार आवडते.

वरच्या उदाहरणांत रागावणे आणि भांडणे पुष्कळ आली आहेत, आणि घरोघरी तसेच असते. मुलांच्या कानांवर पडणारे बरेचसे वाक्प्रचार त्यांना ओरडताना वापरलेले असतात. घर डोक्यावर घेतले, डोक्यावर मिऱ्या वाटल्या, शेफारून गेला, वस्तूंचे तीनतेरा वाजवले. मग वाक्प्रचार म्हणजे बोलणी खाणे असा संबंध मुलांच्या मनात जुळतो आणि ती कान मिटून घेतात. म्हणून आनंदाचे वाक्प्रचार मुद्दाम घरात आणा. स्पर्धेत नाव आले की ‘माझ्या लेकीला आज आकाश ठेंगणं झालंय’ असे तिच्यासमोर आजोबांना फोनवर सांगा. बाजारातल्या गर्दीत हरवलेला धाकटा सापडला की ‘जिवात जीव आला’ हे त्याला जवळ घेऊन म्हणा. नाटकातले तिचे काम पाहून आजीचा ऊर भरून आला, तर आजीने ते शब्दांत सांगावे. ज्या क्षणी मुलाचे स्वतःचे मन भरलेले असते त्या क्षणी ऐकलेला वाक्प्रचार त्याला पुन्हा शिकवावा लागत नाही, असा माझा अनुभव आहे.

मैदानी आणि बैठ्या खेळांची तर आपल्या भाषेवर एवढी छाप आहे की काही वाक्प्रचार शिकवण्यासाठी तो मूळ खेळ खेळणे पुरेसे होते. बुद्धिबळात राजाला शह दिला आणि समोरच्याने त्यातून वाट काढत उलट आपल्याच राजाला शह दिला, की ‘शह-काटशह’ समजावून सांगायला लागत नाही. पत्त्यांत हुकमाचा एक्का हातात राखून ठेवलेल्या मुलीला ‘हुकमी एक्का’ कळतो. विटी-दांडूत विटी टोलवलेल्या मुलाला, वडील आईकडे पाठवतात आणि आई पुन्हा वडिलांकडे, तेव्हा ‘टोलवाटोलवी’ हा शब्द लगेच पटतो. संक्रांतीला पतंग उडवताना मांज्याला ढील द्यायची असते. मुलांना किती ढील द्यावी हा वाद त्यानंतर घरात निघाला तर मुलेही त्यात बोलू शकतील. पावसाळ्यात दिवे येत-जात असले की ‘विजेचा लपंडाव’ हे शब्द वापरा आणि वीज कुठे लपली असेल ते धाकट्याला विचारा. हरू लागल्यावर भांडून खेळ थांबवणाऱ्याला ‘रडीचा डाव’ म्हणतात हे तर मुले एकमेकांकडूनच शिकतात. आपण फक्त तेच शब्द क्रिकेटच्या सामन्यात किंवा बातम्यांत आले की तिकडे त्यांचे लक्ष वेधायचे.

मुलीसाठी, म्हणजे ज्या मुलांना समजते पण वापरता येत नाही त्यांच्यासाठी, मी एक वेगळा खेळ सुचवते. एक छोटा प्रसंग सांगायला सुरुवात करा आणि नेमक्या जागी थांबा. ‘शाळेची बस निघाली होती. मी धावत सुटले. दप्तराचा पट्टा तुटला. ड्रायव्हरकाकांनी आरशात पाहिलं आणि बस थांबवली. तेव्हा माझ्या...’ पुढे ‘जिवात जीव आला’ येईल की ‘तोंडचं पाणी पळालं’? तिने निवड करायची आणि दुसरा का चालणार नाही तेही सांगायचे. मग उलट बाजूने जा : तोंडचे पाणी पळेल असा शेवट तिने याच गोष्टीला द्यायचा. अर्थाच्या सीमा कळतात त्या अशा जवळजवळच्या दोन वाक्प्रचारांमध्ये. हा खेळ काही दिवस झाल्यावर ‘वाक्यात उपयोग कर’ असे न म्हणता ‘तुझ्या नाकी नऊ कधी आले होते?’ असे विचारून पाहा. ती आठवण सांगेल. तिच्या वहीतले वाक्य त्या आठवणीतच असेल.

सासूबाईंसाठीही एक काम आहे. एका वाटीत चिंचोके ठेवा. घरात कोणीही वाक्प्रचार वापरला आणि मुलाने तो ओळखला की त्याने एक चिंचोका आपल्या खिशात टाकायचा. रात्री चिंचोका दाखवून तो वाक्प्रचार कोण, कोणाला, कशावरून म्हणाले ते सांगायचे. प्रसंग सांगता आला तरच चिंचोका त्याचा, नाहीतर तो परत वाटीत. अर्थ विचारायचाच नाही. आजीने दिवसभरात किती वाक्प्रचार पेरले ते पाहून तुम्हालाही आश्चर्य वाटेल, आणि नातवंडांनी आपले बोलणे इतके लक्ष देऊन ऐकावे याचे सुख आजीला मिळेल ते निराळेच.

काही पथ्ये मात्र कटाक्षाने पाळा. लहान मुले शब्द कृतीत आणतात, म्हणून ‘डोळ्यांत तेल घालून जागणे’ किंवा ‘कानाला खडा लावणे’ यांसारखे वाक्प्रचार धाकट्याच्या अभिनयाच्या खेळात घेऊ नका. त्याने खरोखरच कानात खडा घातला तर दवाखाना गाठावा लागेल. मुलांनी वाक्प्रचार मोडला तर लगेच दुरुस्ती करू नका. ‘माझ्या पोटात चिमण्या ओरडतायत, थोडीशीच भूक आहे’ असे एखादे मूल म्हणाले तर त्याला चित्राचा अर्थ आणि त्यातला कमीजास्तपणासुद्धा कळलेला असतो. त्याचे कौतुक करा आणि पुढच्या वेळी आपल्या बोलण्यात कावळेच येऊ द्या. आठवड्याला दोन किंवा तीन वाक्प्रचार पुरेत. आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. जातींची नावे घेऊन कमी लेखणारे, शरीराच्या व्यंगावर बोट ठेवणारे, किंवा भित्रेपणासाठी ‘हातात बांगड्या भरणे’ यांसारखे वाक्प्रचार आपल्या भाषेत आहेत. ते खेळात आणू नका. मुलांनी कुठे ऐकून विचारले तर अर्थ खरा सांगा आणि आपण ते का वापरत नाही हेही सांगा. आठ वर्षांच्या मुलीला ते नीट समजते.

‘नऊच का? आठ का नाहीत?’ असे प्रश्न येतीलच. रचलेली गोष्ट सांगून ते मिटवू नका, मुलांसोबत कोश उघडा. य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांनी ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ दोन भागांत केला आहे आणि तो मोठ्या ग्रंथालयांत पाहायला मिळतो. त्यांच्या आधीच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त शब्दांबरोबर वाक्प्रचारही भरपूर दिलेले आहेत, आणि तो शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतो.

धाकट्याच्या शब्दशः समजण्याची काळजी करू नका. पाच वर्षांच्या मुलाने तसे समजणे अगदी स्वाभाविक आहे. नऊ-दहा वर्षांचे झाल्यावरही एखाद्या मुलाला वाक्प्रचारच नव्हे तर थट्टा, सूचक बोलणे, स्वरातला बदल यांपैकी काहीच उमगत नसेल आणि इतर मुलांत मिसळणेही जड जात असेल, तर बालविकासतज्ज्ञांना किंवा स्पीच थेरपिस्टना भेटणे योग्य ठरते. तुमच्या पत्रात तसे काहीही दिसत नाही.

मुलांच्या बाबांचे म्हणणेही सर्वस्वी चूक नाही. परीक्षेत अर्थ थोडक्यात आणि नेमका लिहावा लागतो, आणि प्रसंग कळल्यानंतर ते शब्द पाठ करायला फारसा वेळ लागत नाही. पाठांतर असावे, पण ते शेवटी असावे. शिवाय मुलीच्या वर्गशिक्षकांना भेटून एक विनंती करून पाहा. ‘वाक्यात उपयोग’ या प्रश्नाला एकाच वाक्याऐवजी तीन छोटी वाक्ये लिहिण्याची मुभा त्यांनी द्यावी : काय घडले, कोणाला काय वाटले, आणि मग वाक्प्रचार. तिसरीतल्या मुलांना तीन वाक्ये लिहिणे जमते, आणि वही तपासताना कोणाला अर्थ कळला आहे व कोणी तो नुसता उतरवला आहे हे शिक्षकांना पहिल्या दोन वाक्यांतच दिसून येते.